नितळ पाण्याची डोण

हरिबा बंडगराची प्रियंका सोलापुरात एम.एस्सी. करून पुढं पीएच.डी.ला राहिली, तेव्हा वस्तीवरच्या बायका तिच्या आईला, केराबाईला विचारायच्या, पोरगी एवढी वर्षं शिकते तरी काय? केराबाईला ते नीट सांगता येत नसे. एकदा ती वैतागून म्हणाली, "पाणी धुती ती." बायका हसल्या. पाण्यानं सगळं धुतात, पण पाणी कशानं धुणार? केराबाईही त्यांच्यात हसली. पण तिनं सांगितलं ते तसं खोटं नव्हतं.

मंद्रूपच्या रस्त्यावरून आत वळलं की बंडगर वस्ती लागते. थोडीच घरं, सगळी मेंढरं-शेरडं राखणारी, जोडीला कोरडवाहू ज्वारी. वस्तीच्या मागून नाला वाहतो. सोलापूरकडून येतो आणि पुढं सीनेला मिळतो. असले नाले उन्हाळ्यात आटतात, हा आटत नाही, कारण त्यातलं पाणी पावसाचं नसतंच. वर शहराच्या कडेला सूत रंगवणारे कारखाने आहेत, चादरींचं सूत, टॉवेलांचं सूत. बरेचजण आपलं पाणी शुद्धीकरणाला पाठवतात. काहीजण खर्च वाचवायला गुपचूप सोडून देतात. कोण सोडतं ते कुणी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. नाला मात्र एक दिवस लाल यायचा, एक दिवस जांभळा, कधी मोरचुदासारखा निळा.

हरिबा सकाळी उठला की आधी नाल्याकडं नजर टाकायचा. रंग दिसला, आणि तो बहुतेक दिसायचाच, की मेंढरं उलट्या अंगाला वळवायची आणि माळ ओलांडून पलीकडच्या गावच्या तळ्यावर न्यायची. उन्हाळ्यात ती वाट जीव काढायची. गाभण मेंढ्या मध्येच बसत. नुकती जन्मलेली कोकरं हरिबा घोंगड्याच्या झोळीत घालून न्यायचा, आणि कधीकधी तळं येईपर्यंत झोळीतलं एखादं गार पडलेलं असायचं. शाळेला सुट्टी असली की प्रियंका त्याच्याबरोबर जायची. घराच्या मागं पाणी वाहतंय आणि आपण पाण्यासाठी माळ तुडवतोय, हे तिला तेव्हापासून सलत होतं.

कॉलेजात तिला झीनत मॅडम मार्गदर्शक म्हणून मिळाल्या. त्यांच्या वडिलांचा शहरात छोटा रंगखाना होता. रंग किती चिवट असतो हे त्या पुस्तकाच्या आधी घरात शिकल्या होत्या. विषय त्यांनीच सुचवला. झाडापासून मिळणाऱ्या सेल्युलोजनं पाण्यातला रंग काढायचा. कुठलंही रोप ज्या धाग्यामुळं ताठ उभं राहतं तो सेल्युलोज. कापूस म्हणजे तर जवळजवळ निव्वळ तोच. प्रियंकानं कापूस घेतला नाही, ज्वारीचा कडबा घेतला. घरचा होता, आणि वस्तीवर कुणाच्याही दारात पडलेला असायचा.

पोत्यात कडबा भरून ती एस.टी.नं सोलापूरला आणायची तेव्हा कंडक्टर विचारायचा, कॉलेजात म्हशी पाळल्यात का. ती पोतं सीटखाली सरकवून तिकिटाचे पैसे पुढं करायची. कडबा बारीक तोडायचा, धुवायचा, कॉस्टिक सोड्यात शिजवायचा. चहाच्या चोथ्यासारखं काळं पाणी निघायचं आणि खाली लगदा राहायचा. तो ब्लीच केला की पिंजलेल्या कापसासारखा पांढरा व्हायचा. मग त्याच्यावर एक रसायन चढवायचं, म्हणजे रंगाचे कण आपण होऊन त्याच्याकडं ओढले जायचे. हे सगळं लिहायला सोपं आहे, पण साधायला तिची कैक महिन्यांची मेहनत गेली. लगदा कधी विरघळून जायचा, कधी एवढा घट्ट बसायचा की पाणीच उतरायचं नाही. शेवटी जमलं. एकदा नाल्याचं लाल पाणी तिनं त्या लगद्यातून सोडलं. लगदा डाळिंबाच्या दाण्यासारखा झाला आणि खाली बीकरमध्ये नितळ पाणी उतरलं.

सुट्टीला तिनं तो लगदा घरी आणला आणि हरिबाच्या समोर बाटलीतून पाणी गाळून दाखवलं. हरिबानं पेला उचलून उजेडाला धरला. मग त्यानं विचारलं की हे पेल्यापुरतंच होतं, का सगळ्या मेंढरांपुरतं होईल. प्रियंकानं तोवर तसा विचार केला नव्हता. तिथून पुढं मात्र तिनं दुसरा विचार केला नाही.

झीनत मॅडमना ती घाई पटली नव्हती. प्रयोगशाळेतला रंग आपण घातलेला असतो, तिथं काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. नाल्यात कोण काय टाकील याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. पण प्रियंकानं हट्ट धरला. मग त्यांनी नाल्याच्या गाळलेल्या पाण्याच्या तपासण्या करून घ्यायला लावल्या. क्षार किती, आम्ल किती, जड धातू किती. क्षार होते, पण पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की एवढ्या क्षाराचं पाणी मेंढरं सहज पचवतात. बाकी आकडेही जनावरांना चालतील असेच आले. त्या दिवशी प्रियंका खुशीत होती. मॅडम कागद खाली ठेवत तिला म्हणाल्या, "आपण विचारलं तेवढ्याचं उत्तर पाण्यानं दिलंय. जे विचारलं नाही ते त्यात नाहीच, असं समजू नकोस."

प्रियंका हो म्हणाली. तिला ते खरंही वाटलं. पण तपासणी तरी कशाकशाची करायची? जगात रसायनं काय थोडी आहेत?

वस्तीचे पुढारी बापूसाहेब ग्रामपंचायतीत होते. ज्या कामाचा नारळ फोडता येईल ते काम त्यांना आवडायचं. त्यांनी विहिरीला घालतात तशा सिमेंटच्या गोल कड्या आणून दिल्या, एक मोटर दिली. नाल्याच्या काठाला खड्डा घेऊन मोटर बसवली. कड्या एकावर एक रचून त्यात कापडी पिशव्यांत भरलेला लगदा ठासला, खाली वाळू घातली. वरून रंगाचं पाणी पडायचं आणि खालच्या नळातून नितळ पाणी जनावरांना प्यायला बांधलेल्या सिमेंटच्या लांब डोणीत उतरायचं. लगदा रंगानं भरला की पिशव्या बदलायच्या. त्यासाठी वस्तीवरच्या बायका आळीपाळीनं कडबा शिजवायला बसू लागल्या. केराबाई त्यांना शिकवायची, जणू तीच कॉलेजात जाऊन आली होती.

प्रियंकानं डोणीच्या वर पाटी लावली होती, 'हे पाणी माणसांनी पिऊ नये.' उद्घाटनाला बापूसाहेब त्या पाटीकडं पाहून जरा नाराज झाले. नारळ फुटला. हरिबानं आपली मेंढरं डोणीजवळ आणली आणि सोडायच्या आधी एकदा लेकीकडं वळून पाहिलं.

"जनावराला चालंल न्हवं?"

"चालंल, आबा," प्रियंका म्हणाली.

मेंढरं डोणीला भिडली. एका ओळीत सगळ्या माना खाली गेल्या. माणसं टाळ्या वाजवत होती आणि हरिबा काठीवर हनुवटी टेकून नुसता बघत उभा होता. प्रियंकाला वाटलं, आपण जन्माला आलो ते ह्यासाठीच.

तो हिवाळा वस्तीला फार चांगला गेला. तळ्याची वाट सुटली. मेंढ्या वाटेत बसायच्या थांबल्या, कोकरं झोळीत घालायची वेळ येईना. शेजारच्या सारजाबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्यापाशी काय ती शेरडं होती. पाय दुखतात म्हणून ती त्यांना तळ्यावर नेऊ शकायची नाही आणि बादलीनं पाणी पाजता पाजता थकून जायची. आता तिची शेरडं स्वतःच डोणीवर जाऊन यायची. ती प्रियंका दिसली की तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडायची.

प्रियंका दर महिन्याला पाणी तपासायला न्यायची. रंग नाही, क्षार तेवढेच. माघात ती प्रबंध लिहायला बसली आणि एक महिना चुकला. पुढच्या महिन्यात डोणीवर जाऊन आली, पाणी चमचमत होतं, म्हणून तपासणी जरा लांबवली. पण खरं सांगायचं तर तिनं तेव्हा पाणी नेलं असतं तरी काही सापडलं नसतं. जे यायचं होतं ते तेव्हा आलेलंच नव्हतं.

ते आलं चैत्रात. प्रियंका सकाळी प्रयोगशाळेत होती. केराबाईचा फोन आला. ती नीट बोलू शकत नव्हती. मेंढरं पडतायत, एवढंच तिला म्हणता येत होतं. पाणी पिऊन माळाला लागली आणि थोडं पुढं गेल्यावर धापा टाकायला लागली, थरथरली आणि पडली. एकामागून एक. मागून सारजाबाईचा आवाज ऐकू येत होता, ती शेरडांना नावं घेऊन हाका मारत होती.

जनावरांचे डॉक्टर नशिबानं जवळच्याच गावात लसी टोचायला आले होते. ते पोचले आणि त्यांनी केराबाईच्या हातातून फोन घेतला. त्यांचा आवाज शांत होता, पण भरभर बोलत होते. हिरड्या मातकट झाल्यात. रक्त काढून पाहिलं तर काकवीसारखं आहे, लाल नाहीच. ही नायट्राइटची विषबाधा दिसते. त्यानं रक्त प्राणवायू धरायचं सोडून देतं, जनावर श्वास घेत असतं आणि आतून गुदमरत असतं.

झीनत मॅडम शेजारीच उभ्या होत्या. फोनचा आवाज मोठा केलेला होता. नायट्राइट म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. लाल रंगाच्या एका जुन्या पद्धतीत ते लागतं, त्यांच्या वडिलांच्या रंगखान्यातही त्याची पोती असायची. कुणीतरी खराब झालेला साठा नाल्यात रिकामा केला असणार. लगद्यानं त्यातला लाल रंग काढून घेतला आणि उरलेलं डोणीत सोडून दिलं.

प्रियंकानं डॉक्टरांना विचारलं, औषध काय. ते म्हणाले, "मेथिलीन ब्लू. शिरेतून द्यावं लागतं. माझ्याजवळ नाही. सोलापुरात कुठं मिळतं का बघा, पण लवकर."

तिला बघायला कुठंच जावं लागलं नाही. मेथिलीन ब्लू हा रंगच आहे. रंग काढायचा अभ्यास करणारा प्रत्येकजण सुरुवात त्याच्यावर करतो. तिनंही केली होती. पहिलं सगळं वर्ष तिनं त्या निळ्या पाण्यातून तो रंग कसा काढून टाकायचा ह्यात घालवलं होतं. त्याची बरणी समोरच्या फळीवर होती.

मॅडमनी पुड्या मोजून बांधल्या, एका सलाईनच्या बाटलीला एक पुडी. मग मॅडमच्या स्कूटीवरून दोघी निघाल्या. वाटेत फाटक बंद होतं. मालगाडी एवढी लांब असू शकते हे प्रियंकाला त्या दिवशी कळलं. ती डबे जाताना बघत राहिली आणि तिच्या मनात एकच शब्द फिरत होता, आपणच उच्चारलेला, चालंल.

पोचल्या तेव्हा बरंचसं होऊन गेलं होतं. माळावर जिथं तिथं मेंढरं आडवी पडलेली. काहींच्या तोंडाला फेस. कुणी ओरडत नव्हतं, मेंढरंसुद्धा ओरडत नव्हती. डॉक्टरांनी पुडी हातात घेऊन क्षणभर विचार केला. हे प्रयोगशाळेचं, टोचायच्या औषधाचं नव्हे. मग ते म्हणाले की तसंही जाणारच आहेत. त्यांनी सलाईनमध्ये पुडी कालवली. बाटली गडद निळी झाली. मॅडमनी मान धरायची, डॉक्टरांनी शीर शोधायची, प्रियंकानं बाटली उंच धरायची, असं ते मेंढरामागून मेंढरू करत गेले. कुठलं अजून जिवंत आहे ते हरिबा सांगायचा. तो वाकून छातीला कान लावायचा आणि नुसती मान हलवायचा, एकतर अशी नाहीतर तशी.

थोडी उठली. पाय फाकून, डोकं खाली घालून उभी राहिली आणि निळं मुतली. पण उठली. बाकीचा सगळा कळप गेला. सारजाबाईचं एकही शेरडू वाचलं नाही. तिची शेरडं सगळ्यात आधी पाण्यावर गेली होती, कारण तिला त्यांना न्यावंच लागत नव्हतं.

दुपारी एक टेम्पोवाला आला. मेलेली जनावरं किलोवर उचलतो म्हणाला. हरिबानं काठी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माणसावर काठी उचलली होती. टेम्पोवाला मागं सरला आणि निघून गेला.

मग हरिबा डोणीजवळ येऊन बसला. डोण अजून भरलेली होती. तळाची सिमेंटवरची थापीची रेघसुद्धा स्पष्ट दिसत होती. मागं नाला त्या दिवशी असा लाल होता की तसा त्यांनी कधी पाहिला नव्हता, जवळजवळ काळा. पण सकाळी नाल्याकडं पाहायची सवय हरिबाची कधीच मोडली होती. तो आता डोणीकडं पाहायचा.

"पाणी तर नितळ हुतं की गं," तो म्हणाला.

त्यानं ते तक्रारीनं म्हटलं नाही. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. प्रियंकाला सांगता आलं असतं. नायट्राइटला रंग नसतो, वास नसतो, लगदा त्याला धरून ठेवत नाही. ती सगळं जाणत होती.

जेसीबी बोलावून माळावर खड्डा घेतला आणि मेंढरं पुरली. दुसऱ्या कुणाच्या जनावरानं तोंड लावू नये म्हणून डोण त्याच रात्री उपसून मोकळी केली. पंचनामा झाला. पाण्याचे नमुने गेले, पण ते नेईपर्यंत नाला पुन्हा नेहमीसारखा जांभळा झाला होता आणि अहवालात ठपका ठेवण्याजोगं काही आलं नाही. वरच्या कारखान्यांकडं अधिकारी जाऊन आले. कुणी काही सोडलं नव्हतं. सगळ्यांचं पाणी शुद्धीकरणाला जात होतं. बापूसाहेब आधी दोन दिवस कारखान्यांवर बोलले, मग हळूहळू बोलेनासे झाले. पुढं त्यांनी ग्रामपंचायतीत सांगितलं की पोरीनं कडब्यावर कसलं रसायन चढवलं होतं कुणास ठाऊक, आपण अडाणी माणसं, आपण विश्वास ठेवला. लोकांना ते पटलं. कारखाने दूर होते, डोण वस्तीत होती.

प्रियंका दारात बसलेली असताना एका संध्याकाळी सारजाबाई आली. प्रियंकाला वाटलं, शिव्या देईल. देईल तर बरं होईल असंही वाटलं. सारजाबाई उंबऱ्यापाशी बसली, धाप ओसरू दिली आणि म्हणाली, "बापूसायेब एक सांगतोय, तुजी आई दुसरंच सांगतीया. तू सांग. माजी शेरडं नाल्याच्या पाण्यानं मेली का तुज्या?"

आत केराबाई भाकरी थापायची थांबली.

"नाल्याच्या," प्रियंका म्हणाली. "इख नाल्यातच हुतं. पण ते वळकू येत हुतं, मावशी, रंगामुळं. मी रंग काडून टाकला."

सारजाबाईनं ते ऐकलं, मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तिला कळायला वेळ लागला, पण कळलं.

"मग घाल की परत," ती म्हणाली. "रंग परत घाल त्यात."

ती टोमणा मारत नव्हती. तिला वाटलं, एवढं शिकलेली पोर आहे, काढता आला तर घालताही येत असेल. मग सारजाबाई उठली आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या घराकडं गेली. गोठ्याशी येऊन तिनं सवयीनं कडी काढली, आत पाहिलं आणि पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियंकानं गाळणीच्या सिमेंटच्या कड्या उघडल्या. हरिबा न सांगता मदतीला आला. दोघांनी पिशव्या उपसून बाहेर फेकल्या. कडबा पांढरा करायला वस्तीच्या बायकांनी धूर खाल्ला होता, तो लगदा आता लालभडक होऊन चिखलात पडला होता. मोटर बापूसाहेबांचा माणूस घेऊन गेला. हरिबानं पहार घेतली आणि डोणीचा तळ फोडला.

वाचलेल्या मेंढ्यांनी पुढं धड गाभ धरला नाही. दोघींनी गाभ टाकला. बाजारात नेल्या तर लोक हरिबाच्या मेंढ्या म्हणून ओळखायचे आणि पुढं जायचे. पावसाळ्याच्या आत कळप नावालाही उरला नाही. हरिबा काही दिवस सकाळी उठून काठी घेऊन बाहेर पडायचा, माळापर्यंत जायचा आणि परत यायचा. केराबाईनं ते पाहिलं. तिनंच अक्कलकोटकडच्या आपल्या भावकीत निरोप धाडला. तिथं एकाला मेंढक्या हवा होता. ज्या माणसाची स्वतःची मेंढरं होती तो दुसऱ्याची राखायला गेला. वस्तीवरून निघताना त्यानं प्रियंकाला एवढंच सांगितलं की अर्धवट सोडू नको, शिकून घे.

तिनं शिकून घेतलं. झीनत मॅडमनी तिला प्रबंधात वस्तीवर घडलेलं सगळं लिहायला लावलं, एक आख्खं प्रकरण. प्रियंका लिहायला बसली की पानभर लिहायची आणि फाडायची. शेवटी ते प्रकरण लिहिलं गेलं. परीक्षेला बाहेरगावाहून आलेले साहेब सज्जन होते. ज्वारीच्या कडब्यापासून रंग इतका चांगला निघतो ह्याचं त्यांनी मनापासून कौतुक केलं, आकडे परत परत पाहिले. शेवटच्या प्रकरणाची पानं त्यांनी चाळली आणि म्हणाले की शेतावरच्या प्रयोगात अशा अडचणी येतातच, पुढच्या संशोधकांना त्यावर काम करता येईल. मॅडम काही बोलणार होत्या. प्रियंकानं त्यांच्याकडं पाहून नको म्हणून मान हलवली. टाळ्या झाल्या. ती डॉक्टर झाली.

आठवड्यानं ती पेढे घेऊन अक्कलकोटकडं गेली. हरिबा गावाबाहेर मेंढरं चारत होता. तो वाळला होता. तिथल्या मेंढरांना कानडी हाळीच कळायची, त्यामुळं तो अडखळत कानडीत हाका मारत होता आणि ती अर्धी ऐकत होती, अर्धी नाही. लेकीला बघून त्याला आनंद झाला. पेढा खाल्ला, आता नोकरी कुठं लागेल विचारलं. ती म्हणाली, बघू. तो म्हणाला, मिळंल की.

ऊन चढलं तशी तो मेंढरं पाण्याकडं वळवू लागला. ओढ्याच्या वळणावर एक डोह होता. पाणी स्वच्छ होतं, वर कारखाने नव्हते, रंगाचा कुठं मागमूस नव्हता. मेंढरं पाण्याच्या वासानं पुढं झाली. हरिबानं काठी आडवी धरून ती अडवली. मग स्वतः खाली उतरला, ओंजळीनं पाणी घेतलं आणि पोटभर प्याला. प्याल्यावर काठावर उकिडवा बसला. मेंढरं ओरडत होती, एकमेकांवर चढत होती, तो काठी हलवू देत नव्हता.

"आबा, काय करताय?"

"जरा थांब," हरिबा म्हणाला.

प्रियंका त्याच्याशेजारी बसली. तो रोजच असं करत असणार हे तिच्या ध्यानात आलं, कारण मेंढरांनीही थोड्या वेळानं ओरडणं सोडलं आणि ती माना खाली घालून उभी राहिली. तिनं बापाच्या ओठांकडं पाहिलं, मग त्याच्या नखांकडं. ओठ नेहमीसारखे होते. एवढ्याशा वेळात काही कळत नाही, काही विषं दिवसांनी चढतात, काही वर्षांनी, आणि माणसाला जे बाधत नाही ते मेंढराला बाधू शकतं, हे सगळं तिला त्याला सांगता आलं असतं. ती डॉक्टर होती. तिनं सांगितलं नाही. सांगून त्याच्या हातात दुसरं काय दिलं असतं?

बऱ्याच वेळानं हरिबानं एक लांब श्वास घेतला, तो बरोबर आत गेला का हे पाहिल्यासारखा. मग उठला आणि काठी बाजूला घेतली. मेंढरं पाण्यावर धावली. तो मागं उभा राहून एकेक मेंढरू पाणी पिताना बघत होता. प्रियंका त्याच्याकडं बघत होती.